करंजी घाटाची पहिली उतरण

४ ऑक्टोबर १९७२, बुधवार

मला आधी कुणी काही सांगितलंच नाही! जूनपासून मी त्या शेडमध्ये जातेय. पत्र्यावर खडूने रेघा ओढतेय, ठोकाठोकीने डोकं उठवून घेतेय, आणि आज चहा पिता पिता सहादेव वेल्डर अगदी सहज विचारतो — "बाई, घाटात कवा बसनार?"

कुठल्या घाटात, म्हटलं.

"करंजीच्या. दुसरा कंचा?"

मग कळलं. गोरक्षनाथांच्या कारखान्याची रीत आहे म्हणे. नवी मोटारसायकल पहिल्यांदा करंजीचा घाट उतरते तेव्हा चालवायला रंगनाथ, आणि मागच्या सीटवर तो माणूस, ज्याने त्या गाडीत काही नवं केलंय. पहिल्या गाडीवर सहादेव बसला, कारण सांगाडा त्याचा. दुसरीवर ब्रेकवाला मिस्त्री बसला. या तिसऱ्या गाडीत नवी आहे ती पेट्रोलची टाकी. म्हणजे मी.

"करनारा मागं बसला का चालवनाऱ्याला भ्या ऱ्हात न्हाई," सहादेव म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.

माझा चहा तसाच राहिला.

५ ऑक्टोबर

शेडवर गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. खरंच दुखतंय.

८ ऑक्टोबर, रविवार

मी भित्री आहे यात नवीन काही नाही. मुंबईत चित्रकला शिकत होते तेव्हा रस्ता ओलांडायला मैत्रिणीचा हात लागायचा. सायकलच्या कॅरिअरवर आजतागायत बसलेली नाही. एसटीने शिरूरच्या पुढे वेग घेतला की मी डोळे मिटून देवाचं नाव घेते. घरात विंचू निघाला तर मी पाटावर आणि हे खुर्चीवर. सासूबाईंनी काय बघून ह्यांचं नाव नृसिंह ठेवलं, देव जाणे. कलेक्टर कचेरीत दुष्काळी कामांची मस्टरं तपासतात, तिथे चपराशीसुद्धा ह्यांना दबकत नाही.

आणि असल्या घरातल्या बाईने मोटारसायकलचं काम घ्यावं?

घेतलं खरं. मार्चमध्ये वाचनालयाच्या हॉलमध्ये माझी चित्रं लावली होती. नगरची मंडळी आली, "छान आहे, पण हे काय आहे?" असं विचारून गेली. एक टोपीवाले गृहस्थ मात्र एकाच चित्रासमोर खिळून उभे. चित्रात होतं काय, तर मातकट रंगाचा एक मोठा बाक, खाली उतरत गेलेला. दुसरं काही नाही. मी जवळ गेले तर म्हणाले, "ह्ये पळतंय."

एवढंच. माझ्या चित्राबद्दल इतकं नेमकं मला मुंबईतही कुणी बोललं नव्हतं. ते गोरक्षनाथ. शेवगावकडचे शेतकरी. आधी ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, आता एमआयडीसीच्या एका शेडमध्ये स्वतःची मोटारसायकल बनवतात. म्हणाले, "बाई, माजी फटफटी पळती झ्याक, पन उभी असली का म्हशीवानी दिसती. उभ्याउभ्या पळल अशी करून द्या."

करून दिली. शाडूचा नमुना केला, मोडला, पुन्हा केला. टाकी लांबवली, पार हँडलपर्यंत नेली. चालवणाऱ्याची सीट वीतभर पुढे घ्यायला लावली, नाहीतर रेघ मध्येच तुटत होती. गोरक्षनाथ खूश, कारण पेट्रोलही जास्त मावायला लागलं. आता ती टाकी सांगाड्यावर चढली की सगळी गाडीच पुढे झेपावल्यासारखी दिसते. जन्मात मी एवढं चांगलं काही केलेलं नाही. आणि तिच्याच मागे बसायचं म्हटलं तर मला धडकी भरते.

१२ ऑक्टोबर

रंग वाळला. तांबडा घेतला, पण उजळ नाही, चुलीतल्या निखाऱ्यावर राख धरते तसा. सहादेव म्हणतो, मळका दिसतोय. त्याला काय कळतंय!

रंगनाथने आज औरंगाबाद रोडवर गाडी एकट्याने पळवून आणली. हा रंगनाथ म्हणजे वाळकासा माणूस, तिशीच्या आतबाहेरचा. कारखान्यात फिटर आहे आणि नव्या गाड्या तोच चालवतो. परत आला, गाडी लावली, टाकीवरून हात फिरवला. मी वाट बघत होते तो काय म्हणतो याची.

"गाडी ग्वाड हाय, बाई. पन जोरात ब्रेक मारला का मागलं चाक हलकं लागतंय. जरासं सरकतंय."

"टाकीमुळे का?" मी विचारलं.

"आता ते मला काय ठावं."

गोरक्षनाथांनी ऐकून घेतलं, चाकाला लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "घाटात कळंल."

इथे सगळ्याचं उत्तर घाटात! टाकी बरी की वाईट, ते घाटात. कापायची की ठेवायची, ते घाटात. आणि मी मागे बसून ते ऐकायचं. म्हणजे टाकी चुकली असेल तर मला ते कुणी सांगायची गरज नाही. मीच आधी दरीत जाणार.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा झाला. आठवडाभर मी बहाणे जुळवत होते. आधी सर्दी. मग शाळेत चित्रकलेची परीक्षा आहे, पेपर तपासायचेत. हे चेष्टा करतात — "पत्रिकेत वाहनसौख्य आहे का बघून घेऊ का तुझ्या?" म्हटलं बघा, आणि नसलं तर तसं लेखी द्या.

शेवटी आज मन घट्ट करून गेले. सरळ सांगायचं ठरवलं होतं, मला भीती वाटते, मी बसणार नाही. तोंड उघडायच्या आतच गोरक्षनाथ म्हणाले, "बाई, सहादेव काय बोलला म्हनं तुमाला. त्याच्या नादी लागू नगा. तुमी बाईमानूस. तुमाला कसं बसवू? लोकं त्वांडात शेन घालतील माज्या. तुमच्या वतीनं साहेब बसतील."

साहेब म्हणजे हे!

मी इतकी हलकी झाले की शेडच्या बाहेर येऊन एकटीच हसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बसू की. त्यात काय एवढं." मग जेवताना म्हणाले, "धुळीचा चष्मा लागेल का गं?" हात धुताना तांब्या निसटला हातून.

म्हणजे भीती घरातून गेलीच नाही. फक्त पाटावरून खुर्चीवर गेली. आता मला ह्यांचं काही झालं तर, असं वाटायला लागलंय, आणि हे आधीच्यापेक्षा वाईट आहे.

२० ऑक्टोबर

सहादेव बसला. मिस्त्री बसला. मी तेवढी बाईमाणूस. जूनच्या उन्हात तो पत्रा तापायचा तेव्हा नव्हते का बाईमाणूस? राग येतोय. आणि सुटले म्हणून बरंही वाटतंय. दोन्ही खरं आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज नवंच. रंगनाथ गाडी घाटात न्यायला तयार नाही.

हे कचेरीतून परस्पर शेडवर आले होते, मागे बसून बघावं म्हणून, नुसतं आवारात. रंगनाथ उतरला गाडीवरून. गोरक्षनाथांना म्हणाला, "साहेबांनी केलीया का टाकी? मग त्ये बसून मला काय उपेग?"

"रंग्या, मोठ्या मानसाशी बोलतोस, शुद्ध हाय का?"

"म्हनून तर आताच बोलतोय. घाटात बोलून काय करू?"

"मग काय बाईला बसवतोस?"

"मी कुनाला बस म्हनत न्हाई. पन मी बी जात न्हाई."

हात पुसून सरळ लेथकडे निघून गेला. ह्यांचा अपमान झाला आणि जीव भांड्यात पडला, एकदमच. घरी येताना वाटेत शीळ घालत होते.

मला मात्र चैन नाही. तो रंगनाथ, जो गाडीवर उभा राहून चालवून दाखवतो, त्याला भीती वाटते? त्याला जर वाटते तर भीती खरीच असणार. ह्या टाकीत काहीतरी आहे, आणि ते माझ्या हाताने झालंय.

२९ ऑक्टोबर, रविवार

आज रंगनाथची बायको घरी आली. कडूबाई. ती करंजीला राहते, घाटाच्या पायथ्याला. घाटात रस्त्याचं दुष्काळी काम चालू आहे तिथे खडी फोडते. रंगनाथ आठवडाभर शेडमध्येच झोपतो. नगरला येणाऱ्या ट्रकमधून ती आली होती. डोक्यावर धूळ, हाताला चिंध्या बांधलेल्या. दारातच बसली. आत ये म्हटलं तर म्हणे, ह्ये बरंय.

पाणी दिलं. आमच्याकडेही टँकरचंच. तिने निम्मं प्यायलं आणि निम्मं जपून शेजारी ठेवलं.

"बाई, तुमी बसा त्याच्या मागं," म्हणाली. असं एकदम.

"त्यो न्हाई म्हनत बसला तर मालक दुसरा गडी बघतील. आन गेला तर मला घोर. तितं खडी फोडताना माजं सारं ध्यान रस्त्याकडं. तुमी मागं असल्या तर मला घोर न्हाई. आपुन केलेल्या चिजंत खोट असंल तर तिच्यावर कोन बसंल, सांगा बरं?"

"कडूबाई, मला फार भीती वाटते हो." बोलून गेले. नवऱ्यालासुद्धा इतकं सरळ बोलले नव्हते.

ती हसली. चेष्टेने नाही. "मला वाटत न्हाई व्हय? तितं सुरुंग उडत्यात. दगूड कुटनं यील नेम न्हाई. शिट्टी झाली का मी खाली मुंडी घालून बसती नि पोरांची नावं घेती. झाला आवाज का उठती." मग माझ्या पाचवारी साडीकडे बघून म्हणाली, "ह्ये न्हाई चालायचं. एका अंगाला बसल्या तर वळनाला जाल खाली. लुगडं नेसा. कासोटा घाला, दोन्हीकडं पाय टाकून गच बसा."

सासूबाईंचं नऊवारी ट्रंकेत होतं. मधल्या खोलीत तिनेच नेसवलं मला. कासोटा असा ओढला की मी उचलली गेले. मग दोघीही हसलो. हसता हसता मी हो म्हणून बसले.

हो म्हणून बसले! आता हे कसं निस्तरू?

६ नोव्हेंबर

दिवाळी आहे म्हणायची. अनारसे नाहीत, चिवडा तेवढा केला. गोरक्षनाथ स्वतः आले घरी. मी सांगितलं, मी बसते. ते ह्यांच्याकडे बघायला लागले. हे म्हणाले, "तिची टाकी आहे, तिला विचारा. मला काय विचारता?" — मला बरं वाटलं ते ऐकून, खूप बरं वाटलं.

लोक तोंडात शेण घालतील त्याचं काय, असं गोरक्षनाथांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

परवा घाट.

११ नोव्हेंबर

आज सकाळपासून मी घरातल्या वस्तूंकडे निरोप घेतल्यासारखी बघतेय. हे चिडले — "काशीला निघालीस का?" भाजीत मीठ दोनदा पडलं. एक चित्र अर्धं राहिलंय, ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

देवासमोर बसले तर शब्द आठवेनात. नुसतं, उद्या नको, उद्या नको, एवढंच.

१२ नोव्हेंबर, रविवार

आले. धड आले!

लुगडंही सोडलं नाही अजून. लिहितेच. सकाळी टेम्पोतून गाडी घाटाच्या माथ्यावर नेली. टाकी काठोकाठ भरली, गोरक्षनाथांनी स्वतः. हे टेम्पोत बसले आणि माझ्याकडे बघेनात. मी लुगडं नेसलेली, कासोटा घातलेला, ह्यांचा मफलर डोक्याला. काय ध्यान दिसत असेन. पण कुणी हसलं नाही. सहादेवने सीट फडक्याने पुसली.

रंगनाथ म्हणाला, "बाई, कमरंला धरा. लाजू नगा. मी तीन ठिकानी मुद्दाम जोरात ब्रेक मारनार हाय. आधी सांगीन."

निघालो. पहिलं वळण मी पाहिलंच नाही, डोळे मिटलेले. त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसलं होतं, घामाचा आणि ऑइलचा वास. मग तो ओरडला, "धरा, मारतो!" आणि ब्रेक मारला. मी त्याच्या पाठीवर आदळले. वाटलं, संपलं. पण गाडी रुतल्यासारखी जागच्या जागी थांबत आली. मागचं चाक हललंसुद्धा नाही.

दुसऱ्या ब्रेकला मी डोळे उघडे ठेवले. उजवीकडे खाली सगळी उघडी बोडकी रानं, रस्त्याकडेला खडीचे ढीग, आणि माणसं फोडायचं थांबवून उभी राहिलेली. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. त्यातून एक हात वर झाला. कडूबाई! मी हात वर केला. मी! चालत्या गाडीवर एक हात सोडला!

तिसरा ब्रेक सगळ्यात जोरात. काही नाही. एकदम गच्च.

खाली करंजीच्या फाट्यावर उतरले आणि मला रडू आलं. हसूही. रंगनाथ चाकाजवळ बसला, हात लावून बघितला. "रोडला सरकत हुतं ते कुटं गेलं काय की," म्हणाला. गोरक्षनाथ टेम्पोतून उतरत होते, ते म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं? घाटात कळंल. कळलं!"

हे आले आणि सगळ्यांसमोर माझा हात धरला. लग्न झाल्यापासून असं कधी केलं नव्हतं.

कडूबाई घाटातून पळत खाली आली होती. धापा टाकत माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. तिच्या हाताची खडी माझ्या गालाला लागली.

१३ नोव्हेंबर

आज दिवसभर अंग दुखतंय आणि मन कसं मोकळं! शाळेत मुलींना म्हटलं, काढा हवं ते. रस्ता ओलांडताना थांबलेसुद्धा नाही. सायकलवाल्याने शिव्या दिल्या.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

शेडवर गेले. माझी टाकी तशीच ठेवायची, रेघेलाही हात लावायचा नाही, असं ठरलं. अशा पंचवीस करायच्या. शेवगावच्या एका दुकानदाराला गाडी बघायची आहे, रंगनाथ घेऊन जाणार. करंजीवरूनच जाणार, म्हणजे जाता जाता घरीही डोकावेल. टाकी पुन्हा भरून ठेवलीय.

मी गमतीने म्हटलं, "मागे बसायला येऊ का?"

"आता कशाला, बाई?" रंगनाथ म्हणाला. "तुमी एकदा बसल्या, झालं. रीत पह्यल्या खेपंपुरतीच."

खरंच आहे. तिघंही एकेकदाच बसलो.

घरी येऊन ते भिंतीकडे वळवलेलं चित्र सरळ केलं. पुरं करीन आता.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

रंगनाथ काल एकटाच गेला. टाकी भरलेली, मागे कुणी नाही. घाटातल्या दुसऱ्या वळणावर खडीची बैलगाडी आडवी आली, त्याने ब्रेक मारला, आणि मागचं चाक सरकलं. सगळा भार पुढे — टाकीचा, पेट्रोलचा, त्याचा. रविवारी ते चाक जमिनीला धरून होतं ते माझ्या वजनाने. आम्ही प्रत्येक गाडी दोघांनी बसून पारखली. एकट्याने घाट उतरून कुणी बघितलाच नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

करंजीला जाऊन आले. कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसले. ती रागावली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मी काल रस्त्याकडं बघितलंच न्हाई, बाई. तुमी बसून आल्या हुत्या ना."